टुंड्रातलं तण

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की तुमच्याविषयी वाईट बोललं तर ऐकणाऱ्याला बोलणाराच हलका वाटावा. कॉलेजच्या जुन्या मुलांचा एक ग्रुप आहे. दर गुरुपौर्णिमेला तिथं कोणीतरी तुमचा तो काळ्या कोटातला फोटो टाकतं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. मी त्यात कधी भर घातली नाही. यंदा एकानं माझं नाव घेऊन लिहिलं, 'तुझ्यावर तर सरांचे केवढे उपकार, तू तरी दोन शब्द लिही.' म्हणून लिहायला बसलोय. ग्रुपवर नाही, तुम्हालाच. नॉटिंगहॅममध्ये आज सुट्टी आहे, बायको ड्यूटीवर आहे, आणि घरात मला थांबवणारं कोणी नाही.

उपकार हा तुमचा लाडका शब्द. तुम्ही तो स्वतः कधी उच्चारला नाहीत, पण समोरच्याच्या तोंडून तो निघेपर्यंत तुम्ही थांबून राहायचात. मला पहिला उपकार आठवतो तो ॲप्रनचा. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, नागपुरातलं आपलं कॉलेज, बॉटनीची ती लांबट लॅब, फॉर्मॅलिनचा वास. माझ्याकडे ॲप्रन नाही. असं नाही की घरात खायला नव्हतं. वडील वीज मंडळात क्लार्क होते, पुढच्या आठवड्यात ॲप्रन आलाही असता. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून एक घेऊन आलात, सगळ्या बॅचसमोर माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "घे. आमच्या चिरंजीवांचा आहे, ते आता इंजिनिअरिंगला गेले, त्यांना लागत नाही." खिशावर लाल धाग्यानं तुमचं आडनाव भरलेलं होतं, तुमच्या पत्नीनं, बारीक आणि सुंदर. मी रात्री आईकडून तो धागा उसवून घेणार होतो. तुम्ही ते ओळखलंत. "नाव राहू दे हं," म्हणालात, "धागा काढशील तर कापड फाटेल." मग मी ते आडनाव छातीवर लावून तीन वर्षं हिंडलो. वडिलांनी नवा ॲप्रन आणला तो कपाटात पडून राहिला, कारण तुमचा न घालणं म्हणजे कृतघ्नपणा झाला असता, असं आईसुद्धा म्हणाली.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला बाहेरगावचे परीक्षक आले होते. माझ्या टेबलाशी येतात, खिशाकडे बघतात आणि एकदम त्यांचा चेहरा घरच्यासारखा होतो. "अरे वा, मूळचे कुठले तुम्ही?" आवाजसुद्धा मऊ. मी काही सांगण्याआधी ते पहिला प्रश्न विचारतात, मी उत्तर देतो, ते मान डोलावतात, "छान, छान." आणि मग खोलीच्या दुसऱ्या टोकाहून तुमचं हसणं येतं. "अहो, नाव बघून फसू नका. ॲप्रन तेवढा आमचा. मुलगा रिझर्व्हेशनचा आहे, पण मेहनती आहे." परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला तो माझ्याकडे न बघता, समोरच्या ट्रेमधल्या फांदीकडे बघून. मी पास झालो, चांगला पास झालो, त्याबद्दल तक्रार नाही. तुम्ही ते दुष्टपणानं केलंत असंही मी म्हणणार नाही. दुष्टपणाला थोडा तरी विचार करावा लागतो. तुम्ही नुसती चूक दुरुस्त केलीत, एखाद्या झाडाचं नाव कोणी चुकीचं सांगितलं तर करायचात तशी. तो 'पण' मात्र अजून माझ्या कानात आहे.

आणि सहली. चिखलदऱ्याला तुम्ही रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात चहा घेत बसायचात आणि मला दरीत उतरवायचात. "तुला सवय असेल रे उन्हातान्हाची." कुठली सवय? मी सरकारी क्वार्टरमध्ये पंख्याखाली वाढलेला मुलगा, ऊन मला तुमच्या चिरंजीवांइतकंच लागायचं. पण मी उतरायचो, आणि खरं सांगायचं तर वर आणलेल्या झाडांवर तुमचा हात फिरताना बघायला आवडायचंही. कॉलेजच्या वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात ती सगळी तुमच्या नावानं गेली. एकदा धीर करून विचारलं, तर चष्मा काढून तुम्ही म्हणालात, "झाड तोडलं कोणी याला शास्त्रात किंमत नसते. ते ओळखलं कोणी, याला असते." आम्ही सगळ्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. इतके आम्ही मूर्ख होतो.

इंग्लंडला मी आलो तो बॉटनीमुळे नाही, बायकोमुळे. ती नर्स. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलनं भारतातून नर्सेस बोलावल्या त्यात ती आली, आणि मागून डिपेंडंट म्हणून मी. एम.एस्सी.चं सर्टिफिकेट फाइलमध्ये आणि मी एका वेअरहाऊसमध्ये बूट खोक्यात भरतोय, असं पहिलं वर्ष गेलं. मग युनिव्हर्सिटीच्या ग्लासहाऊसमध्ये टेक्निशियनची जागा मिळाली, टेम्पररी. टेक्निशियन म्हणजे काय ते तुम्हाला नंतर कळलंच: पाणी घालायचं, कुंड्या बदलायच्या, दिवे आणि पंखे बघायचे, आणि तण काढायचं. इथलं सगळ्यात चिवट तण म्हणजे ग्राउंडसेल. बारीक पिवळी फुलं, म्हातारीसारखं पांढरं बी. फुटपाथच्या फटीत, बसस्टॉपच्या मागे, दुसऱ्या कशाही झाडाच्या कुंडीत ते येतं, हिवाळ्यातही येतं. मी ते इतकं उपटलंय की डोळे मिटून नुसत्या बोटांना कळायचं.

त्याच ग्लासहाऊसच्या उत्तरेच्या टोकाला एक थंड खोली होती. तिथं वाळूच्या बाकाखालून गार पाण्याचे पाइप फिरवलेले, वर दिवसरात्र दिवे, कारण त्या बाकावरच्या झाडांना उन्हाळ्यात रात्र माहीतच नाही. एक स्कॉटिश मुलगी तिथं पीएच.डी. करत होती. ती अलास्काच्या उत्तरेला जाऊन टुंड्रामधून बी घेऊन आली होती, आणि त्यात एक ग्राउंडसेलचाच भाऊबंद होता. वीतभरसुद्धा उंची नाही. पानं आणि देठ लोकरीनं मढवलेले, जमिनीला चिकटून बसलेलं झाड, आणि एका देठावर एकच फूल, पिवळं, पण झाडाच्या मानानं इतकं मोठं की कोणी वरून ठेवल्यासारखं वाटावं. हे सगळं मी बघितलं ते मात्र फार उशिरा, कारण ती रोपं फुलायलाच तयार नव्हती. बरीच मेली. राहिलेली नुसती पानं घेऊन बसली. शेवटी एका मे महिन्यात दोन रोपांना कळी आली. एक उमललं, दुसरं उमलायच्या बेतात होतं. आणि या झाडाला स्वतःचे पराग चालत नाहीत. दोन फुलं हवीत, ब्रशनं एकाचे पराग दुसऱ्यावर लावायचे, तरच बी धरणार. त्या मुलीचं पुढचं सगळं काम त्या बियांवर होतं. ती सकाळी यायची आणि कोट काढायच्या आधी त्या कळीकडे जायची.

नेमक्या त्या मे महिन्यात तुम्ही कॉव्हेंट्रीला आलात, मुलाकडे. तुमचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, त्याची बदली तिथं झालेली. त्याचा मला फोन आला, सभ्य, थोडा ओशाळलेला आवाज, "बाबा तुमची आठवण काढतात. इथल्या मराठी मंडळात त्यांचं भाषण ठेवलंय, याल का?" बायको शेजारी उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "कायले जाता?" चिडली की ती तिच्या माहेरच्या वऱ्हाडीत बोलते. मी म्हटलं, शेवटी गुरू आहेत. ती म्हणाली, "हो, ऐकलंय मी गुरूंचं सगळं. ॲप्रनचं पण ऐकलंय." तरी मी गेलो. कम्युनिटी हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, बटाटेवडे. तुम्ही 'वनस्पती आणि संस्कार' अशा काहीतरी विषयावर बोललात, आणि मधेच मला उभं केलंत. "हा माझा विद्यार्थी. कुठून कुठं आला बघा. आज इथं युनिव्हर्सिटीत संशोधन करतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गृहस्थांनी कुठल्या विषयात म्हणून विचारलं तर मी सांगितलं, मी टेक्निशियन आहे, झाडांना पाणी घालतो. ते तुमच्या कानावर गेलं. वडे खाताना तुम्ही मला बाजूला घेतलंत. "ते इथं सांगायची काय गरज होती?" म्हणजे तुम्ही मला मोठं केलं होतं आणि मी तुमचं भाषण खोटं पाडलं. मग विषय बदलायला विचारलंत, लंडनला काय काय बघितलंस. मी म्हटलं, कॅमडेनला किंग हेन्रीज रोडवरचं ते घर बघितलं, बाहेरूनच, आत कोणी दुसरं राहतं. आमच्या घरी बुद्धाशेजारी ज्यांची तसबीर असते ते शिकत असताना त्या घरात राहत होते, हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती. तुम्ही वड्याचा तुकडा चटणीत बुडवत म्हणालात, "हां. तुमचं तीर्थक्षेत्र."

एवढं ऐकूनही मी तुम्हाला ग्लासहाऊस बघायला बोलावलं. का बोलावलं ते मला आता नीट सांगता येत नाही. बायकोनं जेवायलाही बोलवा म्हणून सांगितलं, तिची वेगळी परीक्षा होती ती. तुम्ही म्हणालात, "जेवणाचं नको, माझं पथ्य आहे." तिला सांगितलं तर म्हणाली, "काल वडे खाल्ले ना त्यांनी चार? पथ्य मला माहीत आहे कसलं आहे." आणि तिनं तो विषय बंद केला.

तुमच्या मुलानं रजा काढून तुम्हाला गाडीनं आणलं. तुम्ही कोटात, खांद्याला शबनम. मी आधीच विभागप्रमुख बाईंना सांगून ठेवलं होतं की माझे प्रोफेसर येणार आहेत. त्या म्हणाल्या, मी येऊन भेटेन त्यांना, चहा घेऊ. पुढच्याच महिन्यात माझ्या जागेचा फैसला व्हायचा होता, टेम्पररीचं पर्मनंट होणार की दुसरं कोणी येणार, आणि तो फैसला याच बाई करणार होत्या. पण मी तुम्हाला बोलावलं ते त्यासाठी नव्हे, हे तुम्ही मानणार नाही, तरी सांगतो. मी तुम्हाला सगळं दाखवत नेतोय, निवडुंग, नेचे, केळी, आणि तुम्ही प्रत्येकाचं लॅटिन नाव माझ्या आधी म्हणताय, आवाज तोच, लॅबमधला. थंड खोलीत मुलगा कुडकुडला आणि फोन आलाय म्हणून बाहेर गेला. तुम्ही वाळूत बोट घालून पाहिलंत. "गार आहे रे." मग ते फूल पाहिलंत आणि हसलात.

"हे? ही तर आपल्या बांधावरची एकदांडी."

मी म्हटलं, दिसतं तसं, पण हे टुंड्रामधलं आहे, ग्राउंडसेलच्या कुळातलं. किती वर्षांनी फुललंय ते सांगितलं, दुसरी कळी दाखवली, पराग, ब्रश, सगळं.

"एका तणासाठी एवढी बडदास्त," तुम्ही म्हणालात. "इथं माणसालाही मिळत नसेल." मग थोडं थांबून, "भारतात कोणाकडे असेल हे?"

"कोणाकडेच नसेल, सर."

तेवढ्यात मागच्या दाराची बेल वाजली. खताच्या गोण्या आल्या होत्या, सही करायला मला जावं लागलं. मी परत आलो तेव्हा तुम्ही शबनममधून नागपूरचा पेपर काढून बाकाच्या कडेवर पसरला होता आणि त्याच्या घडीत ते फूल निजवत होता. देठ बोटांनी हलकेच सरळ केलात, एक पान उलटं ठेवलंत म्हणजे खालची लव दिसेल. फार नीट केलंत. कुंडीत नुसता देठाचा खुंट उभा होता, नखानं खुडलेला.

"सर, हे काय केलंत?"

"एक स्पेसिमेन घेतलं. आपल्या कॉलेजला असू दे."

"सर, ते एकच होतं."

"अरे, झाड आहे ना जाग्यावर? पुन्हा फुलेल."

"पुढच्या वर्षी. फुललं तर."

"मग झालं तर," असं म्हणून तुम्ही पेपरची घडी घातलीत.

मला अजून काही सुचायच्या आत दार उघडलं आणि बाई आत आल्या, मागे ती स्कॉटिश मुलगी, दोघी हसत, तुम्हाला भेटायला म्हणून. मुलीची नजर नेहमीसारखी आधी बाकाकडे गेली. तिचं हसू गेलं. बाईंनी इंग्रजीत विचारलं, "हे कोणी तोडलं?"

तुम्ही पुढे झालात. तुमचं इंग्रजी नेहमीच छान होतं, जुन्या वळणाचं. "माझ्या विद्यार्थ्यानं मला भेट दिली," तुम्ही म्हणालात. "आमच्या संस्कृतीत शिष्य गुरूला दक्षिणा देतो. फार जुनी परंपरा आहे आमची." आणि माझ्याकडे बघून प्रेमानं मान हलवलीत. सर, त्या क्षणी मला राग आला नाही. मला तुमची किळस आली. मी तोपर्यंत तुम्हाला मोठा माणूस समजत होतो, कठोर, जुन्या विचारांचा, पण मोठा. आणि समोर एक म्हातारा एका फुलासाठी पकडला गेला होता आणि त्यानं हाताशी असलेलं पहिलं माणूस पुढे ढकललं होतं. तुम्हाला खात्री होती की मी गप्प बसेन. ती खात्री किती जुनी होती ते मला तेव्हा दिसलं. तुम्ही मुद्दाम तसं ठरवलंही नसणार, हातरुमाल खिशात असतो तसा मी तुमच्या खिशात होतो.

बाई माझ्याकडे बघतायत. मी म्हणतो, "मी दिलं नाही. मी मागच्या दाराशी होतो. हे यांनी तोडलं."

"काहीतरी गैरसमज होतोय," तुम्ही बाईंना म्हणालात, अगदी शांतपणे. "त्याचं इंग्रजी पहिल्यापासून जरा कच्चं आहे."

मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, तुमच्या तोंडाकडे बघत. मग मराठीतही म्हटलं, म्हणजे भाषेचा प्रश्न उरू नये. "सर, मी दिलं नाही. तुम्ही तोडलंत."

बाई तुमच्याशी एक शब्दही कडक बोलल्या नाहीत. या लोकांना ते चांगलं जमतं, आवाज न चढवता माणसाला खोलीबाहेर उभं करणं. मुलीनं मात्र हात पुढे केला आणि म्हणाली, "कृपा करून ते मला द्याल?" तुम्ही घडी दिलीत. तिनं ती तिथंच उघडली, भिंग लावून बघितलं आणि बाईंना म्हणाली की फुलाच्या मधल्या भागातले काही पराग सुटे आहेत, ते कोरडे करून फ्रिजमध्ये ठेवते, दुसरी कळी लवकर उमलली तर चालतील कदाचित. आणि ती निघून गेली, दोन्ही हातांत तो पेपर आडवा धरून, दूध सांडू नये म्हणून धरतात तसा. चहाचं कोणी नाव काढलं नाही.

कार पार्कपर्यंत मी तुमच्याबरोबर आलो, कारण तुम्हाला रस्ता माहीत नव्हता. तुमचा मुलगा गाडीपाशी फोनवर होता, आमचे चेहरे बघून त्यानं फोन बंद केला. तुम्ही दार उघडलंत, मग वळलात आणि म्हणालात, "शेवटी जात दाखवलीस."

हे वाक्य लोक सहज म्हणतात, सगळ्यांना सगळ्यांबद्दल म्हणतात, त्याचा अर्थ तसा नसतो, हे सगळं मला माहीत आहे. तुमच्या मुलालाही माहीत असावं. पण कोणी पाठीवर थंड पाणी ओतल्यासारखा तो उभा राहिला. तो एवढंच म्हणाला, "बाबा, गाडीत बसा." तुम्ही बसलात. मग तो वळसा घालून माझ्याजवळ आला, खाली बघत म्हणाला, "सॉरी. ते आता फार थकलेत हो."

"नव्हते थकले तेव्हाही असेच होते," मी म्हटलं.

तो गाडीकडे वळला. मला त्याची दया आली, तुमची नाही.

संध्याकाळी बायको ड्यूटीवरून आली, तिला सगळं सांगितलं. बूट काढता काढता ऐकत होती. शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा म्हणाली, "इतक्या लांबून येऊन दुसरं काय बोलणार होते?" आणि मग माझ्याकडे बघून, "पण तुम्ही मराठीत पण म्हटलं? त्यांच्या तोंडावर?" मी हो म्हटलं. ती उठली आणि तिनं वांग्याची भाजी टाकली, भरपूर तिखट, मला आवडते तशी.

बाईंनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून झापलं. पाहुण्यांना त्या खोलीत एकटं सोडायला नको होतं. बरोबर होतं त्यांचं. खरं बोललो म्हणून शाबासकी वगैरे काही मिळाली नाही, त्यांना त्यात काही विशेष वाटलंच नव्हतं. जागा पर्मनंट झाली ती मी काम बरं करतो म्हणून. दुसरी कळी त्याच आठवड्यात उमलली. मुलीनं फ्रिजमधले पराग ब्रशनं लावले, मी बाक धरून उभा होतो, उगाच. बी धरलं. थोडंच, पण धरलं. पुढे तिची पीएच.डी. झाली, ती कॅनडाला गेली. तुमच्या मुलानं नंतर कधीतरी फोनवर सांगितलं की तुम्ही नागपूरला परत गेल्यावर लोकांना सांगत होता, 'इंग्लंडमध्ये एक दुर्मिळ झाड फुलत नव्हतं, त्याचे पराग मी वाचवले.' तो हे हसून सांगत होता, मीही हसलो. इतकं स्वच्छ हसू तुमच्यामुळे मला दुसऱ्यांदा कधी आलं नाही.

तुम्ही गेलात तेही त्याच्याच फोनवरून कळलं. मी "अरेरे" म्हटलं, जे म्हणायचं असतं ते म्हटलं. त्यानं स्मृतिग्रंथासाठी लेख मागितला, मी नाही म्हटलं. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही माफी मागितली असतीत तर विचार केला असता, पण मागण्यासारखं काही घडलंय हेच तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नसणार, आणि अशा माणसाला माफ करणं म्हणजे भिंतीला नमस्कार करणं. तुमच्यावर चिडायलाही आता कंटाळा येतो. तुम्ही तेवढे मोठे नव्हता.

एकच गोष्ट राहिली, ती लिहितो आणि बंद करतो. त्या बियांची रोपं फुलली तेव्हा तुम्ही होतात, नागपुरातच होतात, तब्येतीनं बरे. सकाळी लवकर मी एकटाच थंड खोलीत गेलो आणि पूर्ण बाक पिवळा झालेला. एकेका देठावर एकेक फूल, सगळ्यांची तोंडं दिव्यांकडे. त्या लोकरीवर दव होतं. मी तिथं उभा राहिलो आणि मोठ्यानं मराठीत बोलायला लागलो, पानांची लव कशी, पाकळ्या किती रुंद, आपल्याकडच्या कुठल्या झाडाशी जुळतं आणि कुठं वेगळं पडतं, सगळं क्रमानं, परीक्षेत सांगतात तसं. बराच वेळ बोललो. मधेच लक्षात आलं की मी प्रत्येक वाक्याला 'सर' म्हणतोय. बायकोला झाडांचा कंटाळा, ग्लासहाऊसमधल्या लोकांना मराठी कळत नाही, आणि हे ज्याला सांगावं, ज्याला त्यातलं प्रत्येक अक्षर समजेल असा माझ्या ओळखीचा जगात एकच माणूस होता. नंबर मला पाठ होता. फोन केला नाही. करायचा होता मात्र.

हे पत्र पोचण्याची सोय नाही हेच बरं. ही शेवटची ओळ तुमच्या हाती पडली असती, तर तुम्ही ती पुढच्या सत्काराला उभं राहून वाचून दाखवली असतीत.